छोट्या महाविद्यालयातून मोठ्या विद्यापीठात : वाटा, अटी आणि वेळापत्रक

(प्रतिनिधी)

खडकवासला : खडकवासला धरणावर १९०३ मध्ये पाण्याच्या पातळीनुसार आपोआप उघडणारे आणि बंद होणारे दरवाजे बसविण्यात आले. धरणाची भिंत न वाढविता अधिक पाणी साठविण्याची सोय त्यामुळे झाली. या दरवाजांचे जनक मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे मूळचे पुण्याचे विद्यार्थी नव्हते. बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजमधून १८८१ मध्ये मद्रास विद्यापीठाची बी.ए. पदवी घेतल्यानंतर म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजेच पुढे 'सीओईपी' या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेत दाखल झाले. तेथील अभियांत्रिकीची परीक्षा ते १८८३ मध्ये पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. शिक्षणाच्या एका टप्प्यावर संस्था आणि विद्यापीठ, दोन्ही बदलण्याचा निर्णय त्यांना फळला.

सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर हाच प्रश्न सिंहगड रस्त्यावरील अनेक घरांत दरवर्षी निकालाच्या सुमारास उपस्थित होतो. पानशेत, डोणजे, खानापूर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यातील विद्यार्थी बारावीनंतर जवळच्या महाविद्यालयात प्रवेश घेतात. काहींना बारावीला कमी गुण मिळालेले असतात, काहींची प्रवेश परीक्षा हुकलेली असते, तर काहींना शहरातील वसतिगृहाचा खर्च परवडणारा नसतो. पहिल्या वर्षात चांगले गुण मिळाले, की फर्ग्युसन, सीओईपी, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ किंवा राज्याबाहेरच्या एखाद्या केंद्रीय विद्यापीठात जाता येईल का, अशी विचारणा सुरू होते.

याचे थोडक्यात उत्तर असे, की जाता येते. परंतु केवळ चांगल्या गुणांच्या बळावर आणि कोणत्याही वर्षी जाता येत नाही. आपल्या व्यवस्थेत ही दारे ठरावीक टप्प्यांवर उघडतात आणि प्रत्येक दाराचे नियम निराळे आहेत. आपले दार कोणते, हे न ओळखता जुना प्रवेश रद्द करणाऱ्या विद्यार्थ्याचे एक संपूर्ण वर्ष वाया जाण्याचा धोका असतो. मोलमजुरी किंवा शेतीवर चालणाऱ्या कुटुंबात ते वर्ष फार महाग पडते.

'ट्रान्स्फर' या शब्दाचा घोटाळा

परदेशातील नातेवाइकांकडून ऐकलेला 'ट्रान्स्फर' हा शब्द जसाच्या तसा येथे लागू करण्यातून बरेच गैरसमज होतात. अमेरिकेत दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये शिकून तिसऱ्या वर्षी विद्यापीठात जाणे हा राजमार्ग मानला जातो. कॅलिफोर्निया राज्याने १९६० च्या 'मास्टर प्लॅन'द्वारे उच्च शिक्षणाची रचनाच अशी केली, की कम्युनिटी कॉलेजमधील विद्यार्थ्यांना विद्यापीठात जाण्याची वाट खुली राहावी. विद्यापीठ तेथे अशा विद्यार्थ्यांची वाट पाहत असते.

आपल्याकडे पदवीच्या प्रवेशक्षमतेचा हिशोब पहिल्या वर्षी होतो. पुढील वर्षी जागा मिळते ती मुख्यतः कोणी सोडून गेल्याने किंवा पहिल्या वर्षी रिक्त राहिल्याने. ज्या संस्थेला मागणी अधिक, तेथे रिक्त जागा कमी. म्हणूनच नामांकित महाविद्यालयात दुसऱ्या वर्षी प्रवेश मिळणे हे पहिल्या वर्षी मिळण्याइतकेच, किंबहुना त्याहून कठीण ठरू शकते. मात्र पदविकेनंतर आणि पदवीनंतर अशी दोन दारे आहेत, जेथे बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी जागा मुळातच राखलेल्या किंवा नव्याने भरल्या जाणाऱ्या असतात. छोट्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला खरी संधी याच दोन टप्प्यांवर असते.

एकाच विद्यापीठात महाविद्यालय बदलताना

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ ची. २०१४ मध्ये त्याचे नामकरण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे झाले. पुणे, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) आणि नाशिक या जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. या विद्यापीठाच्या एका संलग्न महाविद्यालयातून दुसऱ्यात जाणे ही त्यातल्या त्यात सोपी वाट होय. अभ्यासक्रम सामाईक असतो, विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे 'पीआरएन', उपलब्ध असतो आणि स्थलांतर प्रमाणपत्राची आवश्यकता नसते.

येथे तीन गोष्टी पाहिल्या जातात. नव्या महाविद्यालयात त्या शाखेत आणि त्या वर्षात रिक्त जागा हवी. विद्यार्थ्याचे विषय तेथे शिकविले जात असले पाहिजेत. जुन्या महाविद्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि विद्यापीठाची मान्यता हवी. एटीकेटी असलेल्या विद्यार्थ्याला नियमाने पुढील वर्गात बसता येत असले, तरी मागणी असलेली महाविद्यालये सर्व विषयांत उत्तीर्ण झालेल्यांना प्राधान्य देतात.

स्वायत्त महाविद्यालयांबाबत अधिक काळजी घ्यावी. फर्ग्युसनसारख्या स्वायत्त महाविद्यालयाची पदवी पुणे विद्यापीठाचीच असते; परंतु अभ्यासक्रम आणि परीक्षा महाविद्यालय स्वतः ठरविते. त्यामुळे संलग्न महाविद्यालयातून स्वायत्त महाविद्यालयात जाताना विद्यापीठ एकच असूनही विषयांची समकक्षता तपासली जाते. पहिल्या वर्षी न शिकलेला एखादा विषय नव्या ठिकाणी पूर्ण करावा लागतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची अंमलबजावणी राज्यातील विद्यापीठ विभाग आणि स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून, तर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून झाली. मेजर आणि मायनर विषयांची निवड आता पहिल्या दोन वर्षांतच महत्त्वाची ठरते. आपला मेजर विषय नव्या महाविद्यालयात उपलब्ध नसेल, तर उत्तम गुणांचाही उपयोग होत नाही.

श्रेयांकांचे गणित

विद्यापीठच बदलायचे असेल, तर 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' म्हणजे श्रेयांक पेढी समजून घेणे आवश्यक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये ही योजना सुरू केली. विद्यार्थ्याने मान्यताप्राप्त संस्थेत मिळविलेले श्रेयांक त्याच्या खात्यावर जमा होतात आणि सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात. खाते डिजिलॉकरमार्फत उघडता येते व त्याला बारा अंकी क्रमांक मिळतो.

या योजनेमुळे कोणत्याही महाविद्यालयातून कोठेही जाता येते, असा समज पसरला आहे. तो बरोबर नाही. पेढी श्रेयांक सांभाळते. प्रवेश देत नाही. खात्यात श्रेयांक जमा असले, तरी ते स्वीकारायचे की नाही आणि कोणत्या विषयासमोर मोजायचे, हे प्रवेश देणारी संस्था ठरविते.

दुसरी अट अधिक महत्त्वाची आहे. ज्या संस्थेची पदवी घ्यायची, तेथे एकूण श्रेयांकांपैकी किमान निम्मे मिळवावे लागतात. तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक धरले, तर वर्षाला ४० होतात. पहिले वर्ष पूर्ण करून ४० श्रेयांकांसह निघालेल्या विद्यार्थ्याला नव्या संस्थेत ८० मिळवायचे असतात; अट पूर्ण होते. दोन वर्षे पूर्ण करून ८० श्रेयांकांसह गेलेल्याचे नव्या संस्थेत केवळ ४० उरतात. ते एकूण श्रेयांकांच्या एक तृतीयांश असल्याने अट मोडते. चार वर्षांच्या पदवीचे किमान १६० श्रेयांक धरल्यास दोन वर्षांनंतर जाणारा विद्यार्थी नेमका निम्म्यावर असतो. तात्पर्य, तीन वर्षांच्या पदवीत विद्यापीठ बदलायचे असल्यास पहिल्या वर्षानंतरच हालचाल करावी. तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर विचार सुरू करणाऱ्यांसाठी हे दार जवळजवळ बंद झालेले असते.

पदविकाधारकांसाठी थेट द्वितीय वर्ष

महाराष्ट्रात छोट्या संस्थेतून मोठ्या संस्थेत जाण्याची सर्वांत रुळलेली वाट म्हणजे अभियांत्रिकीच्या थेट द्वितीय वर्षाचा प्रवेश. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. त्यासाठी पदविकेत किमान ४५ टक्के, तर राज्यातील मागासवर्गीय उमेदवारांना ४० टक्के गुण आवश्यक असतात. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष ही प्रक्रिया केंद्रीभूत पद्धतीने राबवितो. गुणवत्ता यादी पदविकेच्या गुणांवर लागते. बारावीनंतरची सीईटी द्यावी लागत नाही.

या वाटेचे वैशिष्ट्य म्हणजे येथे जागा नियमानेच उपलब्ध असतात. मंजूर प्रवेशक्षमतेच्या १० टक्के जागा अतिरिक्त म्हणून भरता येतात. त्याशिवाय पहिल्या वर्षी रिक्त राहिलेल्या जागाही मिळतात. साठ जागांच्या शाखेत अतिरिक्त जागा सहा होतात. नामांकित महाविद्यालयात पहिल्या वर्षी जागा रिक्त राहण्याची शक्यता कमी, त्यामुळे तेथे या सहा जागांवरच मोठी चुरस असते.

यात वर्ष वाया जात नाही, हेही पालकांनी लक्षात घ्यावे. अकरावी-बारावीची दोन आणि पदवीची चार अशी सहा वर्षे दहावीनंतर लागतात. पदविकेची तीन आणि पदवीची तीन मिळूनही सहाच होतात. गणितासह बारावी उत्तीर्ण झालेल्या बी.एस्सी. पदवीधरांनाही या प्रवेशास पात्र धरले जाते. मात्र पदविकाधारकांना प्राधान्य असते.

पुण्यातील विद्यार्थ्यांचे लक्ष साहजिकच सीओईपीकडे असते. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला २००३ मध्ये स्वायत्तता मिळाली आणि २०२२ मध्ये ती स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झाली. पूर्वी तेथील विद्यार्थ्याला पुणे विद्यापीठाची पदवी मिळत असे. आता सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठाची मिळते. म्हणूनच पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयातून तेथे जाणारा विद्यार्थी शहरातच राहिला, तरी नियमाच्या दृष्टीने विद्यापीठ बदलत असतो. त्याला स्थलांतर प्रमाणपत्र लागते.

थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्यांची अडचण गणिताची असते. पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित न शिकता ते दुसऱ्या वर्षाच्या गणिताला सामोरे जातात. पदविकेचा निकाल लागल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंतचा काळ अवकलन, समाकलन आणि आव्यूह या घटकांना दिल्यास पहिले सत्र सुसह्य होते.

पदवीनंतरचे दार

छोट्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यासाठी सर्वांत मोकळे दार पदवीनंतर उघडते. येथे मागील महाविद्यालयाचे नाव विचारले जात नाही. प्रवेश परीक्षेतील कामगिरी पाहिली जाते.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातील विभाग प्रामुख्याने पदव्युत्तर शिक्षणासाठी आहेत आणि विद्यापीठ प्रवेश परीक्षा घेते. विज्ञान पदवीधरांना 'जॅम' परीक्षेद्वारे आयआयटींतील एम.एस्सी.चा मार्ग खुला असतो. २००६ मध्ये स्थापन झालेल्या, पाषाण येथील 'आयसर'मध्ये पदवीनंतर इंटिग्रेटेड पीएच.डी.चा पर्याय आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी 'गेट' ही परीक्षा असून पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून ती देता येते.

खडकवासल्याच्या परिसरातील विद्यार्थ्यांना यासाठी फार दूर पाहण्याचीही गरज नाही. गिरिनगर येथील प्रगत संरक्षण तंत्रज्ञान संस्था, म्हणजे 'डायट', धरणाच्या परिसरातच आहे. १९५२ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ आर्मामेंट स्टडीज म्हणून सुरू झालेली ही संस्था १९६७ मध्ये गिरिनगरला आली आणि २००० मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. संरक्षण दले आणि संशोधन संस्थांतील अधिकाऱ्यांबरोबरच 'गेट'द्वारे नागरी विद्यार्थ्यांनाही तेथे एम.टेक.ला प्रवेश मिळतो. रोज सिंहगड रस्त्याने शहरात शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला घराजवळच एक राष्ट्रीय पातळीवरची संस्था आहे, याची अनेकदा कल्पना नसते.

आयआयटीत पदवीच्या मधल्या वर्षात शिरण्याची मात्र सोय नाही. बाहेरच्या महाविद्यालयातून आयआयटीच्या बी.टेक.च्या दुसऱ्या वर्षात प्रवेश देतो, असे कोणी सांगितल्यास ती फसवणूक समजावी. विधी शाखेतही अशीच अडचण आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार पदवीच्या आधारावर एकात्मिक विधी अभ्यासक्रमात मध्येच प्रवेश घेता येत नाही.

प्रबोधिनीचे उदाहरण

खडकवासल्याचे नाव देशभर पोहोचले ते राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीमुळे. पहिल्या वर्षाच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यासाठी हीही एक वाट आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस ही वयोमर्यादा असते. त्यामुळे बारावीनंतर एखाद्या महाविद्यालयात नाव घालून परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. निवड झाल्यावर ते पहिले वर्ष सोडून प्रबोधिनीत जातात. तेथे शिक्षण पहिल्या सत्रापासून सुरू होते. आधीच्या महाविद्यालयात घालविलेल्या महिन्यांची मोजदाद होत नाही. २०२२ पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला आणि १७ मुलींची पहिली तुकडी ३० मे २०२५ रोजी उत्तीर्ण होऊन बाहेर पडली.

प्रबोधिनीच्या छात्रांना पदवी मिळते ती दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची. कला, विज्ञान आणि संगणकशास्त्राच्या पदव्या तीन वर्षांत पूर्ण होतात. बी.टेक. घेणारे नौदलाचे व हवाई दलाचे छात्र मात्र तीन वर्षे खडकवासल्यात शिकून चौथे वर्ष अनुक्रमे केरळमधील एळिमला आणि हैदराबादजवळील दुंडीगल येथील अकादमीत पूर्ण करतात. पदवी त्यानंतर मिळते. जागा बदलली, तरी अभ्यासक्रम आधीच जुळविलेला असल्याने एकही सत्र वाया जात नाही. नागरी महाविद्यालय बदलणाऱ्या विद्यार्थ्याला ही जुळवाजुळव स्वतः करावी लागते. विषयांची यादी, श्रेयांक आणि सत्रांच्या तारखा यांचा मेळ प्रवेशापूर्वीच घालणे म्हणूनच आवश्यक आहे.

कोणती कागदपत्रे हवीत

प्रवेश बदलताना अडचण येते ती गुणांपेक्षा कागदांची. विद्यार्थ्यांनी पुढील कागदपत्रे वेळेपूर्वी जमा करावीत.

१. प्रत्येक सत्राची गुणपत्रिका आणि विषयवार श्रेयांकांचा तपशील.
२. महाविद्यालयाच्या शिक्क्यासह अभ्यासक्रमाची प्रत. समकक्षता ठरविताना ती हमखास मागितली जाते. मात्र बहुतेक विद्यार्थी ती जवळ ठेवत नाहीत.
३. श्रेयांक पेढीचा क्रमांक. जुन्या महाविद्यालयाने श्रेयांक खात्यावर प्रत्यक्ष भरले आहेत का, हे स्वतः तपासावे.
४. जुन्या महाविद्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र.
५. विद्यापीठ बदलत असल्यास स्थलांतर प्रमाणपत्र.
६. महाविद्यालय सोडल्याचा दाखला.
७. अधिवास, जात व जात वैधता, नॉन-क्रीमिलेअर, उत्पन्न यांपैकी लागू असलेली प्रमाणपत्रे.

यात क्रमाला महत्त्व आहे. महाविद्यालय सोडल्याचा दाखला काढला, की जुना प्रवेश संपतो. त्यामुळे नवी जागा लेखी निश्चित होईपर्यंत हा दाखला काढू नये. ना-हरकत प्रमाणपत्रामुळे प्रवेश रद्द होत नाही. ते आधी घेता येते. स्थलांतर प्रमाणपत्रासाठी बहुतेक विद्यापीठे तात्पुरता प्रवेश देऊन मुदत देतात. ती मुदत चुकविल्यास पात्रता रखडते आणि निकाल राखून ठेवला जाऊ शकतो.

शुल्क आणि शिष्यवृत्ती

पहिल्या वर्षी एका ठिकाणी शुल्क भरल्यानंतर दुसरीकडे प्रवेश मिळाल्यास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेचा आधार घेता येतो. प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास प्रक्रिया शुल्क वजा जाता पूर्ण रक्कम, त्यानंतर परंतु अंतिम तारखेपूर्वी रद्द केल्यास ९० टक्के, अंतिम तारखेनंतर १५ दिवसांच्या आत ८० टक्के आणि १५ ते ३० दिवसांच्या दरम्यान ५० टक्के परतावा द्यावा लागतो. तीस दिवस उलटल्यावर काहीही मिळत नाही. आयोगाने मधल्या काळात काही शैक्षणिक वर्षांसाठी स्वतंत्र आणि अधिक सवलतीच्या तारखाही जाहीर केल्या. त्यामुळे त्या वर्षीचे परिपत्रक पाहावे. मूळ प्रमाणपत्रे संस्थेने स्वतःकडे अडकवून ठेवू नयेत, असेही हीच अधिसूचना सांगते. परताव्याचा अर्ज लेखी द्यावा आणि पोहोच घ्यावी; तोंडी सांगितलेल्या तारखेचा पुढे उपयोग होत नाही.

शिष्यवृत्तीबाबतची चूक अधिक महाग पडते. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसारख्या योजनांचा व्यावसायिक अभ्यासक्रमांना लाभ घेताना केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून, म्हणजे 'कॅप'मधून प्रवेश ही प्रमुख अट असते. २०२४-२५ पासून वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना व्यावसायिक शिक्षणात शुल्कमाफी लागू झाली. तेथेही हीच अट पाहिली जाते. 'कॅप'मधून मिळालेली साध्या महाविद्यालयातील जागा सोडून संस्था स्तरावर किंवा व्यवस्थापन कोट्यातून नामांकित महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थिनीला ही सवलत गमवावी लागू शकते. पुढील तीन वर्षांचे शुल्क आणि सवलत यांचा हिशोब कागदावर मांडल्याशिवाय असा निर्णय घेऊ नये.

खर्चात प्रवासही धरावा. खडकवासला २०२१ मध्ये पुणे महापालिकेत समाविष्ट झाले असले, तरी शिवाजीनगर किंवा गणेशखिंड गाठण्यासाठी सिंहगड रस्त्यावरील गर्दीतून रोजचा प्रवास करावा लागतो. पानशेतच्या बाजूने येणाऱ्यांना तर वसतिगृहाशिवाय पर्याय उरत नाही. दुसऱ्या वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्याला वसतिगृहात जागा मिळतेच असे नाही, कारण तेथील यादीही बहुधा पहिल्या वर्षी भरते.

महाविद्यालय न बदलता

महाविद्यालय बदलणे हा साध्याकडे नेणारा एकच मार्ग नाही. आयोगाने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास मुभा दिली. दोन्ही अभ्यासक्रम पूर्ण वेळ व प्रत्यक्ष वर्गातले असल्यास त्यांच्या वेळा एकमेकांवर येऊ नयेत, एवढी अट आहे; दुसरा अभ्यासक्रम ऑनलाइनही असू शकतो. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये सुरू केलेला डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम याचे चांगले उदाहरण होय. त्याला जेईईची गरज नसते. चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यावी लागते. परीक्षा केंद्रावर जाऊन लेखी द्यायच्या असल्याने पदवीचे मोल टिकून राहते. प्रमाणपत्र, पदविका आणि पदवी असे टप्पे असल्याने मध्येच थांबावे लागले, तरी केलेला अभ्यास वाया जात नाही.

'स्वयम' या सरकारी व्यासपीठावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांकही पदवीत मोजता येतात. एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम अशा पद्धतीने घेण्यास संस्थांना परवानगी आहे. आपल्या महाविद्यालयात एखादा विषय नीट शिकविला जात नसेल, तर प्राचार्यांशी बोलून तो 'स्वयम'वर घेता येईल का, हे प्रथम पाहावे.

निर्णय घेण्यापूर्वी

महाविद्यालय का बदलायचे, याचे उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर थोडे थांबावे. हवा असलेला विषय येथे नाही, प्रयोगशाळा नाही, शिक्षकांच्या जागा रिक्त आहेत, ही कारणे ठोस आहेत. केवळ नाव मोठे आहे, या कारणासाठी पदवीच्या मध्यावर उडी घेणाऱ्याला नव्या ठिकाणी मागे पडलेले विषय, नवे सोबती आणि बदललेली परीक्षा पद्धत हे सारे एकाच सत्रात पेलावे लागते. छोट्या महाविद्यालयात पहिल्या पाचांत असलेल्या विद्यार्थ्याला शिक्षकांचे जे लक्ष आणि जी शिफारसपत्रे मिळतात, ती मोठ्या वर्गात मिळविण्यास वेळ लागतो. पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी हीच शिदोरी उपयोगी पडते.

याची साक्ष पुण्याच्याच इतिहासात आहे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे फर्ग्युसनचे विद्यार्थी. १८८५ मध्ये स्थापन झालेले ते महाविद्यालय तेव्हा लहान आणि नवखे होते. तेथील शिक्षण पूर्ण करून ते केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. १९०२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. हाती घेतलेला टप्पा त्यांनी उत्तम रीतीने पूर्ण केला आणि पुढचे दार त्यानंतर उघडले.

खडकवासला परिसरातील विद्यार्थ्यांनी आपले वेळापत्रक यावरून आखावे. विद्यापीठ बदलायचे असल्यास पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रातच, म्हणजे साधारण जानेवारीपासून, नव्या संस्थेच्या प्रवेश विभागाशी लेखी पत्रव्यवहार सुरू करावा. पदविकेच्या विद्यार्थ्यांनी अंतिम वर्षातच जातीचे, वैधतेचे व उत्पन्नाचे दाखले तयार ठेवून निकालानंतर लगेच सुरू होणाऱ्या थेट द्वितीय वर्षाच्या नोंदणीकडे लक्ष ठेवावे. पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्यांनी 'गेट' आणि 'जॅम'चे अर्ज दिवाळीपूर्वीच भरायचे असतात, हे विसरू नये; या परीक्षा फेब्रुवारीच्या सुमारास होतात. आणि कोणत्याही टप्प्यावर, नव्या संस्थेचे प्रवेशपत्र हाती पडेपर्यंत जुन्या महाविद्यालयातील हजेरी आणि परीक्षा अर्ज चालू ठेवावा.